बिनकाचेचा काटा

सखातात्यांच्या घरी चहाला बसलं की कपाच्या आधी आकडा यायचा. तात्या फडक्यानं पातेलं उतरवायचे, वाफेवर तळहात धरायचे आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचे, "चहा नव्वद डिग्री. खांबाच्या उजव्या अंगाला ठिवलाय." खांबाच्या उजव्या अंगाला ठेवलेला चहा मला समोर दिसत असायचा. त्याची वाफही दिसत असायची. तरी तात्या सांगायचे, आणि कप उचलेपर्यंत तो सत्तरावर आल्याचंही सांगायचे.

चहाचं एक वेळ समजू शकतो. पण त्या घरात आकड्यावाचून काही तापतच नसे. भाकरी चालू असेल तर "तवा अडीचशे". न्हाणीत पाणी काढलं की "पानी साठ, आजून गार वता". उन्हाळ्यात उंबऱ्यापुढची फरशी "पन्नास, चपला घाला". एकदा ग्रामपंचायतीत सरपंच कुणावर तरी भडकले होते, तेव्हा मागच्या बाकावरून शांतपणे सूचना आली, "सरपंच साडेतीनशेला पोचलं. शिसं इतळंल आता." सरपंचांना स्वतःलाच हसू आलं आणि सभा तिथंच आटोपली.

कुणी सहज म्हणालं, "तात्या, आज लई उकडतंय," की तात्या थांबायचे. "काट्यावर बोला. किती?" समोरचा डोकं खाजवायचा. "म्हंजे अंदाजानं बोलताय," असं म्हणून तात्या पुढं चालू लागायचे. जाता जाता ते मान अशी हलवायचे की उकडण्याचा आपल्याला काही हक्कच नव्हता असं त्या माणसाला वाटावं.

हे सगळं गावापेक्षा मला जास्त ऐकावं लागायचं, कारण मी त्यांचा भाडेकरू होतो. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते तेव्हाची गोष्ट. मी धरणाच्या ऑफिसात पाऊस मोजायच्या नोकरीवर मुळशीला आलो होतो. टेकाडावर पर्जन्यमापक होता. त्यातलं पाणी रोज सकाळी मापाच्या काचनळीत ओतायचं आणि आकडा पुण्याला कळवायचा. मी मूळचा सासवडचा. आमच्याकडे पाऊस मोजायला माणूस ठेवला तर तो बसून बसून कंटाळेल. इथं चार महिने नळी खाली ठेवायची सोय नसे. गावानं माझं नाव पाऊसमास्तर पाडलं होतं आणि त्यात थट्टाच जास्त होती. तात्यांना मात्र माझ्याबद्दल खरा आदर होता. पाहुणा आला की ते मला खोलीतून हाक मारून बोलवायचे आणि ओळख करून द्यायचे, "ह्ये पाऊस मोजत्यात, मी आग मोजतो. मदलं समदं गाव अंदाजपंचे."

तात्यांचा धंदा ओतकामाचा. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, घुंगरं, समया, पाळण्याच्या कड्या असलं काय काय ते ओतायचे. भट्टी परसात, छपराखाली. रस्त्याच्या ठेकेदारानं टाकून दिलेलं डांबराचं पिंप त्यांनी जमिनीत अर्धं पुरलं होतं, आतून मातीचा जाड थर दिला होता आणि बुडाशी वारा जायला नळी बसवली होती. नळीच्या तोंडाशी हातानं फिरवायचा पंखा. मधोमध मूस, म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं, आणि भोवती डोंगरातून आलेला कोळसा. ही भट्टी विलायती भट्टीच्या तोंडात मारेल असं तात्यांचं मत होतं. विलायती भट्टी त्यांनी पाहिली नव्हती. पण विलायतेतल्या लोकांनीही त्यांची पाहिली नव्हती, तेव्हा फिट्टंफाट.

पंख्याशी भागाकाकू बसायच्या. उंच, सडसडीत बाई, आणि जिभेला धार. तात्यांच्या घराण्यात एक रीत होती. धातू तयार झाला की ओतायचा शब्द बाईनं द्यायचा. पुरुषानं चिमट्यात मूस धरून उभं राहायचं आणि आपलं लक्ष हातावर आणि साच्यावर ठेवायचं. आगीत बघायचं काम बाईचं. आगीचा रंग कुठला, रसावर साय कशी धरली आहे, हे बघून ती म्हणणार "वता", आणि मग तो ओतणार. तात्यांच्या आईनं शब्द दिला, आजीनं दिला. लग्न होऊन आल्यावर सासूनं काकूंना चुलीच्या आधी भट्टीशी बसवलं होतं. आपल्या बायकोइतकी आगीची नजर सगळ्या मावळात कुणाला नाही, असं तात्या उघड सांगायचे. त्या काळात गावातले पुरुष बायकोचं नावसुद्धा घेत नसत, कौतुक तर लांबच राहिलं.

तर वाघजाईच्या घंटेपासून सगळं सुरू झालं.

धरण झालं तेव्हा वाघजाईचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. लोकांनी देवी वर आणली, पण गडबडीत घंटा खालीच राहिली. तेव्हापासून देवीपुढं लोखंडी पट्टीचा तुकडा टांगलेला होता, शाळेत तास वाजवायला असतो तसा. देवीला जाग येते की सुट्टी झाली असं वाटतं, कोण जाणे. शेवटी गावानं ठरवलं, घंटा करायची आणि ती सखातात्यांनी ओतायची. घरटी एक फुटकं भांडं जमा झालं. पिचका हंडा, काशाची तडकलेली वाटी, कुणाच्या आजीचा तांब्या. त्यातली कितीतरी भांडी पाण्याखाली गेलेल्या घरांतून वर आलेली होती. त्यांना पोचा पडला तरी कुणी मोडीत काढली नव्हती. ती लोकांनी तात्यांच्या परसात आणून ठेवली आणि ठेवताना हात फिरवून घेतला.

माघात पहिली घंटा ओतली. मी छपराखाली उभा होतो. काकू पंखा फिरवत आगीत बघत होत्या, तात्या चिमटा धरून होते. काकू "वता" म्हणाल्या आणि तात्यांनी ओतलं. दुसऱ्या दिवशी साचा फोडला. घंटा दिसायला देखणी होती. तात्यांनी लाकडी हातोडी मारली तर आवाज आला थप्प. खांद्याशी केसाएवढी रेघ होती. रस पुरेसा तापलेला नव्हता, त्यामुळे साच्यात दोन्हीकडून येऊन तो एकजीव झालाच नव्हता.

गाव ते, बोलणारच. "तात्या, ह्यो पाटा कुनाच्या घरी द्यायचा? वरवंटा पन वतणार का?" तात्या एरवी एकाला चार ऐकवणारे. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "माजा हात चुकला." मग त्यांनी सगळ्यांसमोर घण घालून घंटा फोडली आणि तुकडे पोत्यात भरले. "फुडल्या जत्रंला वाजंल. न्हाई वाजली तर भट्टीत माती भरीन आन वर तुळस लावीन." काकू पंख्यापाशी खाली मान घालून बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, ह्याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

त्यानंतर तात्या पुण्याला जुन्या बाजारात गेले आणि काटा घेऊन आले. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातलं ते तापमापक. काळी गोल तबकडी, तिच्यावर आकडे, आकड्यांवरून फिरणारा बारीक काटा, आणि मागून निघालेल्या लांब तारा. एस्टीच्या कंडक्टरनं पेटी टपावर टाका म्हटलं, तेव्हा तात्यांनी तिला आपली जागा दिली आणि स्वतः मुळशीपर्यंत उभे राहून आले. पौडाला एक म्हातारी बसायला जागा मागत होती. तिला तात्या म्हणाले, "आजी, ह्यो पावना आजारी हाय." आजीनं पेटीकडं सहानुभूतीनं बघितलं म्हणे.

काट्याची करामत तात्या ज्याला त्याला समजावून सांगायचे, कुणी विचारलं नाही तरी. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी पिळून जोडायच्या. ते टोक आगीत ठेवायचं. टोक तापलं की तारांत कणभर वीज उठते आणि ती काट्याला ढकलते. जेवढी आग, तेवढी ढकल. गावात तेव्हा वीज नव्हती. उशाला एवढं धरण, त्यावर वीज होत होती, ती तारांवरून सरळ मुंबईला जायची आणि आम्ही खालून कंदील घेऊन बघायचो. तात्यांना मात्र आपल्या काट्यातल्या कणभर विजेचा लई आनंद. "धरणाची ईज मम्बईला गेली. माज्या भट्टीची ईज माज्या छपराखाली ऱ्हाती." हे वाक्य ते माझ्या साहेबांनाही ऐकवून आले.

बसवणं मात्र सोपं गेलं नाही. पहिल्यांदा भट्टी पेटवली तेव्हा अर्धी आळी बघायला जमली होती. कोळसा लाल झाला, पांढरा झाला, आणि काटा उलटा शून्याच्या मागं जाऊन आडव्या खिळ्याला टेकला. कुणीतरी म्हणालं, "तात्या, भट्टी गार व्हतीया." तात्यांनी तबकडीला टिचकी मारली, पेटी हलवली, आणि काट्याला इथलं पाणी मानवलं नसेल असा निवाडा दिला. तेव्हा ओट्यावरून काकू म्हणाल्या, "अवं, तारा उलट्या बांधल्या असतील. बैलाला मागल्या बाजूनं जुपल्यावर त्यो मागंच जायाचा." तात्यांनी तारांची अदलाबदल केली. काटा पुढं सरकला. तात्या गर्दीकडं वळून म्हणाले, "बगितलं? ह्ये डोकं माज्या घरात हाय." तारा आपणच उलट्या बांधल्या होत्या, ह्याचा त्यांना तिथल्या तिथं विसर पडला.

मग दुसरी अडचण आली. तारांचं टोक वितळलेल्या धातूत बुडवलं की धातू ते खाऊन टाकायचा. तात्यांनी लोखंडी नळी घालून पाहिली, तीही गेली. शेवटी त्यांनी मुशीच्याच मातीची एका तोंडाला बंद असलेली नळी केली, सावलीत वाळवली, भाजली आणि तिच्यात तारा घातल्या. पहिली तडकली, दुसरी तडकली. पावसाळाभर चुलीमागं नळ्या वाळत पडलेल्या असायच्या आणि काकू त्यांना शेवग्याच्या शेंगा म्हणायच्या. गौरी-गणपतीच्या सुमाराला एक नळी टिकली.

छापील आकड्यांवर तात्यांचा विश्वास नव्हता. आकडे माणसानं छापलेत, ते चुकतील, म्हणायचे. म्हणून त्यांनी आधी शिसं वितळवलं, मग जस्त, मग तांबं, आणि प्रत्येक वेळी काटा जिथं उभा राहिला तिथं खूण केली. हे मला मनापासून पटलं. यंत्र खरं की खोटं हे असंच तपासायचं असतं. मी त्यांना ऑफिसातला तापमापक आणून दिला, उकळत्या पाण्याची खूणही आम्ही दोघांनी मिळून केली. त्या दिवशी तात्यांनी मला भट्टीशी बसवून चिलीम दिली, म्हणजे हा मोठाच मान होता.

पण पुढं त्यांनी जे केलं त्यानं माझं डोकं फिरलं.

एक तर त्यांनी तबकडी पंख्याशेजारच्या खांबावर बसवली, तीही इतकी खाली की खाली बसलेल्या माणसाच्या खांद्याला लागावी. आणि भट्टीकडं तिची पाठ केली. म्हणजे चिमटा धरून उभ्या असलेल्या तात्यांना काटा दिसायचाच नाही. सात-आठ महिने ज्यासाठी धडपड केली, ते बसवायचं आणि मग त्याच्याकडं बघायचंच नाही. त्यातून कहर म्हणजे तबकडीवरची काच त्यांनी काढून टाकली. धड, न फुटलेली, चांगली जाड काच. आणि कानशीनं ओतायच्या खुणेशी तबकडीच्या कडेला एक खोल खाच पाडली.

मी यंत्राची काच पुसण्यात आयुष्य घालवलेला माणूस. नळीवर बोटाचा डाग दिसला तर मला जेवण जात नाही. "तात्या," मी म्हणालो, "राख उडते तिथं. काट्यावर धूळ बसेल, काटा अडकेल. काच लावा."

"ऱ्हाऊ द्या."

"मी पुण्याहून नवी कापून आणतो."

"मास्तर, तुमी पाऊस मोजा."

माझा स्वभाव जरा खोडीलच. मी खरोखरच मापं घेऊन पुण्याहून काच कापून आणली आणि कागदात गुंडाळून त्यांच्यापुढं ठेवली. तात्यांनी ती उचलून देव्हाऱ्याच्या कोनाड्यात नेऊन ठेवली. गणपतीच्या गोल तसबिरीला ती काच नेमकी बसली, आणि तिथंच राहिली. आठवडाभर आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. म्हणजे मी बोलत नव्हतो. ते भिंतीपलीकडून "दूध उतू जातंय, शंभर डिग्री, डाव्या अंगाला उतरवतोय" असं ओरडतच होते.

गावात वेगळीच कुजबुज चालली होती. पाणवठ्यावरच्या बायका म्हणायच्या, तात्यानं यंत्र आणून बायकोचा मान काढून घेतला. पिढ्यान्‌पिढ्या बाईचा शब्द चालत आला, आता काट्याचा चालणार. मलाही ते खटकत होतं. काकू हल्ली बाहेर दिसायच्याच नाहीत. पाणवठ्यावर पाण्याला तात्या स्वतः जायचे, डोक्यावर चुंबळ आणि घागर घेऊन, आणि पुरुष हसले की सांगायचे, "इहिरीचं पानी किती डिग्री हाय ते बगाया गेल्तो." रोज सकाळ-संध्याकाळ विहिरीची डिग्री बघणारा माणूस. गावानं त्यांच्यावर वेड्याचा शिक्का मारून टाकला आणि तात्यांनी तो खुशाल मिरवला.

मार्गशीर्षात दुसऱ्यांदा घंटा ओतायची ठरली. तात्यांनी बाहेरच्या कुणाला बोलावलं नाही. भाडेकरू म्हणून मला हाकलता येईना, एवढंच. दुपारची वेळ, छपराखाली अर्धवट अंधार. साचा जमिनीत पुरून तयार होता. पोत्यातले जुन्या घंटेचे तुकडे मुशीत गेले. काकू पंख्याशी येऊन बसल्या. बसताना त्यांनी खांबाला हात लावला, खांबावरून हात तबकडीवर आला, आणि मग त्या बसल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान पंखा तरी काकूंकडं राहिला.

उजव्या हातानं काकू पंखा फिरवत होत्या. कोळसा लाल झाला, मग पिवळा. तात्यांनी मातीच्या नळीचं टोक रसात बुडवलं आणि चिमटा धरून उभे राहिले. भट्टीचा लोळ इतका की मी चार पावलं मागं सरलो. काकूंचं तोंड मात्र आगीकडं नव्हतंच. त्या परसातल्या शेवग्याकडं, कुठंतरी लांब बघितल्यासारख्या बसल्या होत्या. आणि मग त्यांनी डावा हात उचलला, तबकडीच्या कडेवरून बोट फिरवत नेलं, खाच सापडली तिथं थांबवलं आणि बोटाचं टोक तबकडीच्या तोंडावर धरून ठेवलं.

काटा मोडेल म्हणून मी पुढं झालो. "काकू, काट्याला हात..."

"मास्तर, थांबा तितंच." तात्यांनी मान न वळवता सांगितलं. त्यांचा आवाज मी कधी इतका हळू ऐकला नव्हता.

काटा वर सरकत होता. काकूंचं बोट खाचेशी स्थिर होतं, वाट बघत. पंखा एका लयीत चालला होता. काटा येऊन त्यांच्या बोटाच्या टोकाला टेकला. केस टेकावा तेवढाच टेकला असेल. काकू म्हणाल्या, "वता."

तात्यांनी मूस उचलली आणि ओतली. पांढऱ्या-पिवळ्या रसाची सलग धार साच्यात गेली, कुठं थांबली नाही. साच्याच्या दुसऱ्या तोंडातून रस वर आला तेव्हा तात्यांनी मूस खाली ठेवली आणि म्हणाले, "भरली." काकू उठल्या, खांबाला हात लावला, भिंतीच्या कडेनं घरात गेल्या.

तात्या भट्टीच्या कडेला बसले. त्यांनीच सुरुवात केली.

"तिला दिसत न्हाई मास्तर. सावली दिसती, उजेड कळतो, बस. मागल्या घंटंच्या टायमाला समजलं. तिनं अंदाजानं सबूद दिला. मला वाटलं व्हतं, पन मी वतलं."

"डॉक्टरला..."

"पुन्यात दावलं. आगीनं गेलंत डोळं, येनार न्हाईत म्हनला. इतकी वर्सं माज्या भट्टीत बगून गेलं." त्यांनी चिमटा बाजूला ठेवला. "घंटा बद्द वाजली तवा घरात आल्यावर म्हनली, आता सबूद तुमीच द्या. मी म्हनलं, भट्टी इजवतो, पन सबूद तुजाच. माजी आय तुला बसवून गेली हितं. मग सुचंना काय करावं. पुन्यात त्यो काटा बगितला, आन वाटलं, आपल्याला बगायची गरज न्हाई. हिच्या बोटाला कळलं म्हंजी झालं."

मला काचेची आठवण झाली. कोनाड्यातली, गणपतीवरची. मी म्हणालो, "तात्या, गावाला सांगा की. लोक तुम्हाला वेडा म्हणतात."

"म्हनू द्या. तिलाच गावाला कळू द्यायचं न्हाई. घंटा आंधळीनं वतली म्हनतील, देवीला चालंल का न्हाई ह्यावर बैठक बसवतील. मला येडं म्हनल्यानं घंटा काय बद्द वाजत न्हाई."

दुसऱ्या दिवशी साचा फोडला तेव्हा मात्र गाव लोटलं. राख झटकून, माती खरडून तात्यांनी घंटा दोराला टांगली आणि लाकडी हातोडी मारली. आवाज निघाला आणि निघतच राहिला. तो परसातून बाहेर पडला, पाण्यावर गेला, पलीकडच्या काठाच्या डोंगराला लागून परत आला. एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. तिचा तांब्या त्यात होता. सरपंच म्हणाले, "तात्या, यंत्रानं कमाल केली."

"व्हय," तात्या छाती काढून म्हणाले, "काट्यावर बोलतो आमी." आणि ओट्यावर बसलेल्या काकूंकडं त्यांनी असं बघितलं की मला दुसरीकडं बघावं लागलं. काकू घंटेकडं कान लावून बसल्या होत्या. आवाज पुरता विरल्यावर म्हणाल्या, "खालचा काठ जरासा जाड ऱ्हायलाय. पन आसू द्या." तात्या कौतुकानं माझ्याकडं वळले. "बगा. कानानं जाडी सांगती." मला त्यांचा आणि काकूंचा इतका अभिमान वाटला की जणू पंखा मीच फिरवला होता. अजूनही वाटतो.

जत्रेच्या दिवशी घंटा देवळात चढली. आम्ही तिघं बरोबर निघालो. त्या काळी नवऱ्यानं रस्त्यावर बायकोचा हात धरला असता तर जत्रेपेक्षा मोठा तमाशा झाला असता. तात्या दोन पावलं पुढं चालत होते आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू होता. "फरशी तापली, पंचेचाळीस डिग्री. हितनं उजवीकडं गार लागंल. पायरी. आजून एक पायरी. ह्ये समईपाशी साठ, लांबनं." लोक हसून एकमेकांना कोपरानं ढोसत होते. काकू त्या आवाजामागून सरळ चालत देवीपुढं गेल्या, एकदाही अडखळल्या नाहीत. मी त्यांच्या मागं होतो. पहिल्यांदाच ती सगळी बडबड मला शब्दन्‌शब्द समजत होती. चहा नव्वद, तवा अडीचशे, दूध डाव्या अंगाला. भिंतीपलीकडून वर्षभर ऐकलेलं आणि वैतागलेलं. त्या घरात काकूंचं बोट एकदाही भाजलं नव्हतं.

काकूंनी हात वर केला, घंटेचा लोलक सापडला, आणि त्यांनी वाजवली.

त्यानंतर दोन दिवसांनी तात्या पौडाला गेले होते. सकाळी पाऊस नव्हता, काम नव्हतं. मी काकूंच्या चुलीपाशी जाऊन बसलो. त्या भाकरी थापत होत्या. लाकूड जरा पुढं सरलं आणि जाळ वाढला. घर गप्प होतं, सांगायला कुणी नव्हतं. मी घसा साफ केला आणि जरा मोठ्यानं म्हणालो, "काकू, तवा तापलाय. तीनशे डिग्री."

काकूंचे हात थांबले. मग त्या हसल्या.

"काट्यावर बोलताय मास्तर, का अंदाजानं?"

"अंदाजानं."

"मग अडीचशे आसंल," त्या म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.